टाकीतला उतारा

टिश्यू कल्चर म्हटलं की आमच्या मुरुडकडं केळीच डोळ्यांपुढं येते. नांदेड जिल्ह्यात अर्धापूर-मुदखेडच्या बागांमध्ये जी-नाइन वाणाची रोपं आली, एका दिवशी लावलेली बाग जवळपास एकदमच काढणीला येऊ लागली, आणि प्रयोगशाळेतल्या बाटलीतून रोप निघतं याचं कुणाला नवल वाटेनासं झालं. 'टिश्यूची केळी' हा आता बांधावरचा शब्द आहे. त्यामुळं हे पुस्तक हातात घेणाऱ्याला वाटणार, की औषधी वनस्पतींची रोपं बाटलीत कशी करायची ते यात सांगितलं असेल. तसं ते नाही. या पुस्तकात रोप जवळपास कुठंच उगवत नाही. उलट एखाद्या चंबूत मूळ किंवा पान फुटायला लागलं, तर इथला तंत्रज्ञ कपाळाला हात लावतो. त्याला हव्या असतात नुसत्या पेशी, पाण्यात तरंगणाऱ्या, एकमेकींना फार न चिकटणाऱ्या, वाढत राहणाऱ्या. त्या पेशींमधून औषध काढायचं. झाड लावायचं नाही, तोडायचं नाही, त्याच्या वयाची वाट पाहायची नाही.

हे वाचून शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाच्या मनात जो प्रश्न येतो, तो माझ्याही मनात आला होता: मग आमचं काय? २००० सालाच्या आगेमागे सफेद मुसळीचं वारं महाराष्ट्रभर फिरलं. पाठोपाठ कोरफड आली, स्टेव्हिया आली. रोपं विकणारे सुटले, लावणारे अडकले. औषधी पिकाचं नाव काढलं की आमच्याकडं अजून लोक हसतात, आणि त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही. अशा ठिकाणी 'औषध टाकीत तयार होतं' असं सांगणाऱ्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची तर कोणतं औषध टाकीत परवडतं आणि कोणतं शेतातच परवडतं, हे आधी सांगायला हवं. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तिथं आहे. लेखिकेनं ती सातव्या प्रकरणात ठेवली आहे. मी ती इथंच काढून देतो.

पण त्याआधी पेशी चंबूत जाते कशी, ते पाहू.

कोवळं पान किंवा देठ घ्यायचं. वाहत्या पाण्याखाली धुवायचं, सत्तर टक्के अल्कोहोलमधून काढायचं, मग मर्क्युरिक क्लोराइडच्या अगदी पातळ द्रावणात काही मिनिटं ठेवायचं आणि निर्जंतुक पाण्यानं तीन-चारदा खळबळायचं. वेळ कमी पडला तर बुरशी राहते, जास्त झाला तर पानच मरतं. लॅमिनार फ्लोच्या गाळलेल्या हवेत बसून त्याचे नखाएवढे तुकडे करायचे आणि अगारच्या थरावर मांडायचे. त्या थरात काय असतं? नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, लोह, चिमूटभर जीवनसत्त्वं, वाढ नियंत्रित करणारी संप्रेरकं आणि साखर. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेली ही कृती आजही जगभर वापरतात. साखर लिटरला तीस ग्रॅम. ही बहुतेक ठिकाणी आपल्या चहात पडते तीच, फक्त अधिक शुद्ध. पेशींना प्रकाशातून अन्न तयार करायची गरज उरत नाही. आयतं ताट समोर असतं.

दोन-तीन आठवड्यांत तुकड्याच्या कापलेल्या कडा फुगतात. त्यांवर एक भुसभुशीत, फिकट पिवळा किंवा मळकट पांढरा गोळा येतो. त्याला कॅलस म्हणतात. पाहताना त्यात झाडाची काहीच ओळख सापडत नाही. चिमट्यानं दाबला तर रव्यासारखा सुटला पाहिजे. घट्ट, हिरवट, गाठाळ असेल तर कामाचा नाही. सुटणारा कॅलस पातळ माध्यमात टाकून चंबू हलवणीयंत्रावर ठेवायचे, मिनिटाला शंभर-सव्वाशे फेरे, तापमान पंचवीस अंश. पेशी सुट्या होतात, पाणी दुधाळ होतं. दर दोन-तीन आठवड्यांनी त्यांतला थोडा भाग नव्या माध्यमात घालत राहायचं. हे कधी थांबत नाही. दिवाळीतही कुणीतरी येऊन ते काम करावं लागतं. आमच्याकडं भारनियमनाच्या दिवसांत हलवणीयंत्र थांबलं की पेशी तळाला बसायच्या, त्यांना हवा मिळायची नाही, आणि चार तासांनी वीज आली तेव्हा चंबू करड्या रंगाचे दिसायचे. जनरेटर हे या विज्ञानातलं एक मुख्य उपकरण आहे, असं मी विद्यार्थ्यांना सांगायचो. ते हसायचे, पण मी गंमत करत नव्हतो.

दुसरा शत्रू जंतू. वनस्पतीच्या पेशीला दुप्पट व्हायला दोन ते पाच दिवस लागतात. जिवाणूला अर्धा तास पुरतो. म्हणजे इकडं पेशी एकदा दुभंगते तोवर तिकडं जिवाणूची संख्या कागदावर शंभरेकदा दुप्पट झालेली असते, आणि साखर दोघांनाही तितकीच आवडते. एक जिवाणू आत शिरला तर महिन्याभराचं काम गटारात. सगळं १२१ अंशांच्या वाफेत दाबाखाली पंधरा-वीस मिनिटं उकडून काढायचं ते याचसाठी. पुस्तकातलं तिसरं प्रकरण पूर्णपणे या भांडणावर आहे.

इथवर सगळं हाताचं काम आहे, शिकता येतं. खरी अडचण पुढं सुरू होते. पेशी वाढतात, पण औषध देत नाहीत.

याचं कारण झाडाच्या स्वभावात आहे. आपण ज्याला औषध म्हणतो ते झाडाच्या दृष्टीनं बहुधा विष असतं: अळीनं पान खाऊ नये, बुरशीनं खोड कुजवू नये, शेजारच्या रोपानं पाणी पळवू नये यासाठी केलेली तजवीज. संकट आलं की झाड ते तयार करतं, सुखात असलं की वाढतं. आता साखर, नत्र, ऊब सगळं मिळालेली पेशी कशाला विष बनवील? मुरुडच्या उसवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. तोडणीआधी काही आठवडे पाणी तोडलं तर साखरेचा उतारा वाढतो आणि पाणी देत राहिलं तर ऊस जाड होतो पण रस पातळ निघतो, हे तो बापाकडून शिकलेला असतो. पेशींच्या टाकीतही उतारा असाच मिळवावा लागतो. आधी पोटभर खायला घालून पेशी वाढवायच्या. मग माध्यम बदलायचं, नत्र-स्फुरद आखडतं घ्यायचं आणि त्यांना संकटाची खोटी बातमी द्यायची. ही बातमी देणारं सगळ्यांत गाजलेलं रसायन म्हणजे मिथाइल जास्मोनेट. चमेलीच्या अत्तरातून ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं, म्हणून त्याचं नाव सुगंधी. पण झाडाच्या आत ते जखमेची वर्दी देणारं रसायन आहे. अळीनं पान कुरतडलं की झाड ते सोडतं. टाकीत अळी नसते. रसायन तेवढं टाकतात.

ही दोन पायऱ्यांची युक्ती कारखान्यात पहिल्यांदा चालवली ती जपान्यांनी. कल्पना जुनी होती. ऑस्ट्रियाच्या हाबरलांटनं १९०२ सालीच सुटी पेशी जगवायचा प्रयत्न केला होता. पेशी काही काळ जगल्या, पण दुभंगल्या नाहीत. १९५६ साली फायझर कंपनीच्या दोघांनी वनस्पतीपेशींपासून पदार्थ बनवायच्या पद्धतीचं पेटंटही घेतलं. पण पेटंट घेऊन माल निघत नाही. माल निघाला तो १९८३ च्या सुमारास, मित्सुई पेट्रोकेमिकलच्या टाकीत, आणि तो होता शिकोनिन नावाचा लाल रंग. तो ज्या झाडाच्या मुळात असतो, ते मूळ जपानमध्ये जखमेवर, मूळव्याधीवर, कापड रंगवायला वापरत. झाड तयार व्हायला काही वर्षं लागतात, जपानमधली झाडं जवळपास संपली होती आणि मूळ बाहेरून आणावं लागत होतं. वाळल्या मुळात रंग शेकडा एक-दोन टक्के. क्योटो विद्यापीठातले ताबाता आणि मित्सुईचे लोक यांनी वाढीची एक टाकी आणि रंग उतरवायची दुसरी टाकी अशी मांडणी केली. सुमारे तीन आठवड्यांत पेशींच्या वाळल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त शिकोनिन त्यांना मिळू लागला. दुसरी टाकी साडेसातशे लिटरची. आपल्या घरावरची पाण्याची टाकी त्याहून फार लहान नसते. त्या रंगाची लिपस्टिक कानेबोनं बाजारात आणली आणि हातोहात खपली.

हे सांगताना रतनज्योतीचा उल्लेख पुस्तकात यायला हवा होता, तो राहिला. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं, तेलाला लाल रंग आणणारं ते साल-सालपट मूळ शिकोनिनच्याच कुळातलं. त्यातला रंगही शिकोनिनचाच आरशातला जुळा भाऊ. जपान्यांनी टाकीत काय केलं हे आपल्या वाचकाला त्या तेलाच्या बाटलीवरून चटकन कळलं असतं.

शिकोनिन हा रंग. माणसाचा जीव वाचवणारं औषध नव्हे. त्या दिशेची वाट ज्या माणसाच्या कामातून निघाली, तो मूळचा खानदेशातला. मनसुख वाणी यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ चा, नंदुरबारचा. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी., मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून १९६२ साली पीएच.डी., आणि त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याकडं नोकरी. त्याच १९६२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले नावाचा शेतीखात्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा करत होता. कर्करोगावर काही सापडतं का हे पाहण्यासाठी अमेरिकी सरकारनं हजारो झाडांचे नमुने जमा करायचं ठरवलं होतं, त्यांतला हा एक. ती साल वॉल-वाणींच्या प्रयोगशाळेत पोचली. अर्क पेशी मारत होता, पण त्यातला नेमका पदार्थ वेगळा करायला आणि त्याची रचना उलगडायला वर्षं गेली. १९७१ साली ती रचना प्रसिद्ध झाली. नाव पडलं टॅक्सॉल.

त्यानंतर आठ वर्षं हे औषध कुणाला फारसं नको होतं. पाण्यात विरघळत नाही, मिळतं अगदी थोडं, काम कसं करतं ते माहीत नाही. १९७९ साली सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं, की टॅक्सॉल पेशीच्या विभाजनातले सूक्ष्म धागे मोडत नाही, उलट त्यांना असं घट्ट धरून ठेवतं की पेशीला दुभंगताच येत नाही. मग चक्रं फिरली. डिसेंबर १९९२ मध्ये बीजकोशाच्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि त्याचबरोबर जंगलाचा प्रश्न उभा राहिला. यू अतिशय मंद वाढणारं झाड. साल काढली की मरतं. एका किलो औषधाला दोन-तीन हजार झाडं, असा हिशोब तेव्हा मांडला जायचा. एका बाजूला रुग्ण, दुसऱ्या बाजूला जंगल राखणारे, आणि दोघांचंही म्हणणं खरं. मध्यंतरी युरोपातल्या यूच्या पानांतून एक अर्धवट तयार रेणू काढून त्याला रासायनिक शेपूट जोडायची पद्धत निघाली. झाड वाचलं, पण पायऱ्या आणि द्रावकं वाढली.

शेवटी उत्तर मिळालं टाकीत. यूच्या पेशींचे असंख्य कॅलस करून, त्यांतले औषध देणारे निवडून, ते द्रवरूप नत्रात उणे १९६ अंशांवर जपून ठेवायचे. लागतील तेव्हा चंबूत, चंबूतून लहान टाकीत, तिथून मोठीत. जर्मनीत हँबुर्गजवळ आरेन्सबुर्ग इथं फायटन कंपनीच्या कारखान्यात यासाठी ७५ हजार लिटरपर्यंतच्या टाक्या आहेत. लातूरकराला हा आकडा असा सांगावा: एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून जलदूत ही पाण्याची रेल्वे आली तेव्हा तिच्या एका वाघिणीत साधारण ५० हजार लिटर पाणी होतं, ही टाकी दीड वाघिणीची. लिटरला तीस ग्रॅमचा हिशोब धरला तर ती एकदा भरायला साडेबावीस क्विंटल साखर लागेल. ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीनं या पद्धतीवर टॅक्सॉलचं उत्पादन नेलं आणि २००४ साली तिला अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. जुन्या पद्धतीतली दहा द्रावकं आणि वाळवणीचे सहा टप्पे गळाले होते.

वाणी एप्रिल २०२० मध्ये, पंचाण्णव वर्षांचे होऊन गेले. करोनाच्या बातम्यांत आपल्याकडं त्यांची बातमी बुडाली. नंदुरबारच्या शाळांतून त्यांचं नाव शिकवलं जावं, एवढं तरी व्हायला हरकत नाही.

वाणींचं दुसरं रसायन महाराष्ट्राला आणखी जवळचं आहे. टॅक्सॉलच्या पाच वर्षं आधी, १९६६ साली वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं होतं. सुरुवातीच्या रुग्णचाचण्या त्याच्या विषारीपणामुळं थांबल्या. पुढं त्याचंच रूप बदलून केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं १९९६ साली अमेरिकेत मंजूर झाली. पण हे कॅम्प्टोथेसिन फक्त चिनी झाडात नाही हे १९७२ मध्येच कळलं होतं, आणि ते कळलं मुंबईत. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी सह्याद्रीतल्या एका झाडात ते दाखवलं. ते झाड म्हणजे नरक्या. फुलांना असा वास येतो की नाव सार्थ वाटावं; घाणेरा असंही म्हणतात. साताऱ्याच्या पाटण-कोयनेपासून आंबोली-सावंतवाडीपर्यंतच्या रानात तो आहे, आणि त्याच्या लाकडातला कॅम्प्टोथेसिनचा उतारा जगातल्या कुठल्याही झाडाशी तोलता येईल असा.

याचा परिणाम वाचकानं वर्तमानपत्रात पाहिला असेल: नरक्याच्या ढलप्यांनी भरलेला टेम्पो वनखात्यानं पकडला, चौकशी सुरू आहे. अशा बातम्या सिंधुदुर्गातून, कोल्हापुरातून, साताऱ्यातून येत राहिल्या. झाड मुळासकट काढतात, कारण मुळात माल जास्त. तोडणाऱ्याच्या हातात मजुरीचे पैसे पडतात. पुढं त्या ढलप्यांची किंमत काय होते, हे त्याला कुणी सांगत नाही.

टाकीसाठी इतकी योग्य वनस्पती शोधून सापडायची नाही: औषध महाग, झाड मंद, जंगल संपतंय. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डी. पी. फुलझेले आणि सहकाऱ्यांनी नरक्याच्या तरंगत्या पेशींमधून कॅम्प्टोथेसिन मिळवल्याचं २००१ साली प्रसिद्ध केलं. पेशी वाढल्या, औषधही निघालं. पण झाडाच्या लाकडाच्या मानानं फार थोडं. यूच्या पेशींना जे जमलं ते नरक्याच्या पेशींना अजून कारखान्याच्या मापात जमवता आलेलं नाही. यात कुणाचा आळस नाही. फायटनच्या मागे एका मोठ्या औषध कंपनीचा पैसा आणि वर्षानुवर्षांची निवड होती. एका प्रयोगशाळेतल्या तीन-चार माणसांनी शेकडो पेशीवाण तपासायचे म्हटलं तर आयुष्य जातं.

काही वेळा पैसा ओतूनही जमत नाही. त्याचं उदाहरण आपल्या अंगणात आहे. सदाफुली मराठवाड्यातल्या उन्हात पाणी न घालता फुलते, शेळी तिला तोंड लावत नाही. मधुमेहावर लोक तिची पानं चावतात. कॅनडातले नोबल आणि बीअर तिच्याकडं मधुमेहासाठीच वळले होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं कमी झालेल्या दिसल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन आलं, मागोमाग व्हिनक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिन आजही आधारस्तंभ आहे. एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळली पानं लागतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सिप्ला यांनी मिळून १९८४ साली ही दोन्ही औषधं देशात बनवायला घेतली, ती शेतातल्या पानांतून.

जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी सदाफुलीच्या पेशी टाकीत घालून पाहिल्या. या औषधांच्या रेणूचा कॅथरँथिन नावाचा अर्धा भाग मिळाला. व्हिंडोलिन नावाचा दुसरा अर्धा मिळेना. कारण हळूहळू उमगलं. व्हिंडोलिनचे शेवटचे टप्पे पानातल्या काही खास पेशींतच होतात आणि त्यांना उजेड लागतो. कच्चा माल एका प्रकारच्या पेशीत, पुढची प्रक्रिया दुसऱ्या, शेवटची तिसऱ्या. एकसारख्या, सुट्या, अंधारात वाढलेल्या पेशींच्या गर्दीत ही देवघेव होणार कुठून? पान लागतं ते पानच लागतं. २०२२ साली संशोधकांनी सदाफुलीची ती सगळी साखळी यीस्टमध्ये बसवून दोन्ही अर्धे यीस्टकडून करून घेतले. वनस्पतीपेशींच्या टाकीला खरी स्पर्धा आता शेताची नाही, यीस्टच्या टाकीची आहे. पुस्तकात यीस्टला दीड पान मिळालंय. ते मला कमी वाटतं.

मुळांत तयार होणाऱ्या औषधांसाठी एक मधला रस्ता आहे. पेशी सुट्या न ठेवता मुळंच टाकीत वाढवायची. कोरियात जिनसेंगची मुळं अशी मोठ्या टाक्यांत वाढवून विकली जातात. अश्वगंधेवर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात या अंगानं बरंच काम झालं आहे. आणि इथं मी सुरुवातीला म्हटलेल्या किल्लीकडं येतो.

अश्वगंधा टाकीत वाढवता येते. पण वाढवावी कशाला? हलक्या जमिनीत, पावसाच्या पाण्यावर, पाच-सहा महिन्यांत ती तयार होते. नीमच-मंदसोरचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या लावतात आणि मंडईत पोती आणून टाकतात. निर्जंतुक माध्यम, चोवीस तास वीज, वातानुकूलन, पगारी तंत्रज्ञ या सगळ्याचा खर्च धरून टाकीतलं मूळ त्या पोत्याशी भावात कधीच टिकणार नाही. हळदीचं तेच, शतावरीचं तेच, गुळवेलीचं तर बोलायलाच नको, ती लिंबावर फुकट चढते. टाकी परवडते ती ज्या औषधाची किंमत ग्रॅमवर ठरते त्याला, जे झाड मंद किंवा दुर्मीळ आहे त्याला, ज्याचा रेणू रसायनशाळेत सरळ जोडता येत नाही त्याला, आणि ज्याचं औषध सुट्या पेशीला बनवता येतं त्याला. चारही अटी एकदम लागू पडणारी नावं फार थोडी आहेत. सत्तर वर्षांत बाजारात टिकलेली उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी का, याचं उत्तर हेच.

म्हणून कुणी मुरुडला येऊन 'सेल कल्चरची अश्वगंधा, हमीभावानं विकत घेतो, आधी डिपॉझिट भरा' असं म्हणाला, तर या पुस्तकाचा वाचक त्याला चहा पाजून परत पाठवील अशी मला आशा आहे.

अलीकडं या टाकीला एक वेगळंच काम मिळालंय, ते सांगायला हवं. इस्रायलच्या प्रोटॅलिक्स कंपनीनं गाजराच्या पेशींत मानवी जनुक घालून त्यांच्याकडून एक विकर बनवून घेतलं. गॉशे नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात ते शरीरात पुरेसं तयार होत नाही. मे २०१२ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. वनस्पतीपेशींत बनवून माणसासाठी मंजूर झालेलं हे पहिलंच प्रथिन. गाजराच्या पेशी पोलादी टाकीत नव्हे, प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्यांत वाढवतात. प्राण्यांच्या पेशींत शिरणारे विषाणू गाजरात शिरत नाहीत, हा त्यांचा मोठा फायदा. इथं गाजराचं स्वतःचं काहीच वापरलेलं नाही, फक्त त्याचा कामसूपणा. मला यातच पुढची दिशा दिसते.

लेखिकेनं शेवटच्या प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात एक लहान पेशीसंवर्धन केंद्र असावं असं सुचवलं आहे. हेतू चांगला, हिशोब कच्चा. जिल्ह्याजिल्ह्यात टाक्या उभ्या करून गंजण्यापलीकडं काही व्हायचं नाही. आपल्याकडं लातूरला कृषी जैवतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. मुलं हाताला चलाख आहेत, केळीच्या प्रयोगशाळांतून कामही करतात. त्यांनी टाकी मागण्यापेक्षा निवडीचं काम घ्यावं. नरक्याची बी वेगवेगळ्या घाटांतून परवानगीनं आणायची, प्रत्येक झाडाचा कॅलस वेगळा ठेवायचा, कोणता वाण किती कॅम्प्टोथेसिन देतो आणि दहा-वीस पिढ्यांनंतरही देतो का, याची नोंद ठेवायची. पेशी जुन्या झाल्या की औषध बनवायचं विसरतात, ही या क्षेत्रातली मोठी डोकेदुखी आहे. त्या नोंदी कंटाळवाण्या असतात, पण त्यांच्याशिवाय कुठलीही टाकी चालत नाही, आणि त्यांना लागतं ते मनुष्यबळ आणि चिकाटी. दोन्ही आमच्या भागात आहे.

वाचनाबद्दल दोन सूचना. रसायनशास्त्राची धास्ती असलेल्यांनी पाचव्या प्रकरणातल्या आकृत्या सरळ ओलांडाव्यात, पुढचं काही अडत नाही. तिसरं प्रकरण मात्र गाळू नये. आणि अकरावी-बारावीच्या ज्या शिक्षकांकडं प्रेशर कुकर, थोडी साखर, अगार आणि गाजर आहे, त्यांनी परिशिष्टातला कॅलसचा प्रयोग वर्गात करून पाहावा. नियंत्रक संप्रेरक तेवढं एखाद्या महाविद्यालयातून मागून आणावं लागेल. दहा बाटल्यांतल्या सात-आठ बुरशीनं जातील. त्या उघडू नयेत, तशाच कुकरमध्ये उकडून टाकाव्यात.

— मुरुड, जि. लातूर